किवू सरोवराच्या काठी

मध्य आफ्रिकेतील मोठ्या सरोवरांच्या रांगेत किवू हे आकाराने लहान, पण दिसायला अतिशय देखणे सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेले हे पाणी आणि त्याच्या उत्तरेस धुमसत उभा असलेला न्यीरागोंगो ज्वालामुखी, असे ते दृश्य. सरोवराच्या उत्तर काठावर दोन गावे एकमेकांना अगदी खेटून वसलेली आहेत. पूर्वेकडचे गिसेन्यी हे रुआंडात मोडते, तर पश्चिमेकडचे गोमा हे पूर्वीच्या झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात. बेल्जियमच्या राजवटीत युरोपियन मंडळी येथे हवापालटासाठी येत. सरोवरात पाण्याला तोटा नाही, डोंगरावर पावसाला खंड नाही. अशा या जागी १९९४ च्या जुलै महिन्यात हजारो माणसे पाण्यावाचून आणि पाण्यामुळेच मेली, ही गेल्या शतकाच्या अखेरीची एक दारुण घटना होय.

१४ जुलै रोजी सकाळपासून गिसेन्यीच्या बाजूने माणसांचा लोंढा सरहद्द ओलांडून गोम्यात शिरू लागला, आणि पुढचे चार दिवस तो थांबला नाही. डोक्यावर गाठोडी, पाठीला बांधलेली पोरे, हातात दोरीने ओढलेली शेळी, कोणाच्या खांद्यावर चटई तर कोणाच्या डोक्यावर घराच्या दाराची फळी, अशी ती रांग होती. या चार-पाच दिवसांत आलेल्यांची मोजदाद कोणालाच नीट करता आली नाही. पाच लाखांपासून दहा लाखांपर्यंतचे आकडे वेगवेगळ्या अहवालांत सापडतात आणि आठ लाख ही संख्या बहुतेकांनी ग्राह्य धरलेली दिसते. एखाद्या मोठ्या जिल्ह्यातील सगळी वस्ती एका आठवड्यात उठून शेजारच्या तालुक्याच्या गावी येऊन रस्त्यावर बसावी, तसा तो प्रकार होता. गोम्यातील शाळा, चर्चची आवारे, विमानतळाच्या कडेची मोकळी जागा, घरांच्या पायऱ्या, जेथे म्हणून पाठ टेकता येईल ती प्रत्येक जागा माणसांनी भरून गेली.

हे लोक कोण होते आणि कोणाच्या भयाने पळत होते, हे समजून घेतल्यावाचून पुढच्या घटनांचा अर्थ लागत नाही. रुआंडात हुतू आणि तुत्सी असे दोन मोठे समाज. भाषा एक, बहुतेकांचा धर्म एक, डोंगरउतारावरची वस्तीही एकमेकांत मिसळलेली. पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनांच्या आणि नंतर बेल्जियमच्या ताब्यात असलेल्या या मुलखात परकी राज्यकर्त्यांनी तुत्सींना हाताशी धरून कारभार केला आणि १९३० नंतरच्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याची जात छापून टाकली. जी भेदरेषा पूर्वी पुसट होती, ती कागदावर आली आणि पक्की झाली. १९५९ मध्ये बहुसंख्य हुतूंचा उठाव झाला. त्यात मारले गेलेले मेले आणि उरलेल्यांपैकी हजारो तुत्सी युगांडा, बुरुंडी, काँगो या शेजारी देशांत निर्वासित झाले. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण हे निर्वासित परत येऊ शकले नाहीत. छावण्यांत वाढलेल्या त्यांच्या मुलांनी युगांडात सैनिकी शिक्षण घेतले, 'रुआंडी देशभक्त आघाडी' स्थापन केली आणि १ ऑक्टोबर १९९० रोजी ती फौज सरहद्द ओलांडून रुआंडात शिरली. निर्वासितांचा प्रश्न तीस वर्षे भिजत ठेवला की त्यातून काय उगवते, याचा हा एक नमुना होता. दुसरा नमुना पुढे यावयाचा होता.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान किगाली येथे उतरत असता पाडले गेले. त्यांच्यासोबत बुरुंडीचे राष्ट्राध्यक्षही ठार झाले. त्या रात्रीपासून सुमारे शंभर दिवस सत्ताधारी गटाच्या सैन्याने आणि 'इंतेराहाम्वे' नावाच्या टोळ्यांनी तुत्सींची आणि त्यांची बाजू घेणाऱ्या हुतूंची जी कत्तल केली, तिच्यात पाच ते आठ लाख माणसे मारली गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रुआंडा सरकारचा आकडा याहून मोठा, दहा लाखांवर आहे. जुलैच्या प्रारंभी आघाडीच्या फौजांनी किगाली घेतली आणि पराभूत सरकार पश्चिमेकडे हटू लागले. हटताना त्याने आपल्याबरोबर लोकही ओढून नेले. येणारे सैन्य तुम्हाला जिवंत ठेवणार नाही, असे नभोवाणीवरून सांगितले जात होते, आणि सांगणारे तर गावचे पाटील-पुढारीच होते. ज्यांनी स्वतःच्या हाताने शेजाऱ्याचा गळा कापला ते सूडाच्या भयाने पळाले, आणि ज्यांनी काहीच केले नव्हते ते सगळे पळत आहेत म्हणून पळाले. गोम्याच्या वाटेवर हे दोघेही एकाच रांगेत चालत होते. बायका आणि लहान मुले यांची संख्या अर्थातच सर्वांत मोठी होती.

गोमा हे गाव ज्वालामुखीच्या लाव्ह्यावर वसले आहे. न्यीरागोंगोमधून शतकानुशतके वाहून आलेला आणि थिजलेला काळा, धारदार खडक हीच तेथील जमीन. अशा जमिनीत खड्डा खणता येत नाही. आठ लाख माणसे एका जागी आली म्हणजे पहिली गरज शौचकूपांची. दुसरी, मेलेल्यांना पुरण्यासाठी जागेची. लाव्ह्याने या दोन्ही गोष्टी नाकारल्या. तिसरी गरज पिण्याच्या पाण्याची. सरोवर समोर होते, पण ते याच लोकांच्या वापराने घाण होत होते. आणि सरोवराला लागून असलेली जागा तर मूठभरांनाच मिळाली. बाकीच्यांना गावाबाहेर उत्तरेला किबुंबा आणि कटाले, पश्चिमेला मुगुंगा अशा ठिकाणी हलविण्यात आले. किबुंबा येथे लाखाहून अधिक माणसे उतरविली गेली, आणि तेथे पाण्याचा थेंब नव्हता. सरोवराचे पाणी शुद्ध करून टाकीच्या मोटारींतून वीस-पंचवीस किलोमीटर वर चढवून न्यावे लागे. निर्वासितांच्या छावणीत माणशी दररोज पंधरा ते वीस लिटर पाणी लागते, असा हिशेब आहे. गोम्यात पहिल्या आठवड्यात शुद्ध पाणी माणशी लिटरभरही पोहोचत नव्हते. लोक सरोवराचे पाणी तसेच पीत, डबक्यातले पीत, पावसाचे पीत.

२० जुलै रोजी पटकीचा पहिला रोगी निश्चितपणे ओळखला गेला. मराठी माणसाला पटकी हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. मरीआईचा गाडा शिवेबाहेर ढकलून देणारी गावे आपल्याकडे दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत होती, आणि पंढरीच्या वाटेवर या रोगाने किती वारकरी नेले, त्याच्या कथा घराघरांत सांगितल्या जात. या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातच निश्चित केला. त्याचे विष आतड्यात कसे काम करते, हेही १९५९ मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवून दिले. जंतू स्वतः माणसाला खात नाही. त्याचे विष आतड्याच्या अस्तराला असे काही बिघडवते की शरीरातील पाणी आणि क्षार धो धो बाहेर वाहून जातात. सकाळी धडधाकट असलेला मनुष्य संध्याकाळी डोळे खोल गेलेला, कातडी सुरकुतलेली, नाडी न लागणारा असा होतो आणि रात्री मरतो. मरतो तो तहानेने, जंतूने नव्हे, असे म्हटले तरी चालेल. म्हणूनच या रोगाचा उपचार मुळात सोपा आहे: जेवढे पाणी आणि मीठ बाहेर गेले तेवढे परत आत घालावयाचे.

ते कसे घालावयाचे, याचे उत्तर ज्या प्रसंगी सापडले तो प्रसंगही निर्वासितांचाच होता, आणि भारतातलाच होता. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लाखो लोक पश्चिम बंगालमध्ये आले, तेव्हा बनगाव येथील छावणीच्या इस्पितळात पटकीचे रोगी जमिनीवर ओळीने पडलेले होते. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करून घेतल्या, त्या स्वच्छ पाण्यात मिसळल्या आणि ते पाणी पिंपांत भरून ठेवले. रोग्याच्या नातेवाइकांनी पेल्याने ते पाजीत राहावयाचे, एवढाच उपचार. ग्लुकोजच्या सोबतीने मीठ आतड्यातून रक्तात शिरते आणि मिठामागोमाग पाणी जाते, हे प्रयोगशाळेत ठाऊक झालेले होते. पण चिखलात बसलेल्या अडाणी आईच्या हातून ते होईल, यावर पुस्तकी वैद्यकाचा विश्वास नव्हता. बनगावात मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसवरून चारच्याही खाली आले. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या उपचाराला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हणून गौरविले. डॉ. महलानबीस २०२२ मध्ये वारले आणि त्यानंतर, २०२३ मध्ये, त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले. आपल्याकडे अशा माणसांची ओळख बहुधा मरणोत्तरच होते.

हे सगळे ठाऊक असताना गोम्यात काय झाले? जगभरातून विमाने उतरू लागली. डॉक्टर आले, परिचारिका आल्या, फ्रेंच आणि अमेरिकन सैनिक आले, इस्रायलने फिरते इस्पितळ पाठविले, वृत्तचित्रे घेणारे तर सर्वांच्या आधी आले होते. सद्‌हेतूची उणीव नव्हती. पण यांतील पुष्कळांनी पटकीचा गंभीर रोगी जन्मात पाहिलेला नव्हता. ढाक्याच्या अतिसार-संशोधन संस्थेतील वैद्यांचे एक छोटे पथक तेथे जाऊन काम करून आले आणि त्यांनी नंतर जे लिहिले ते वाचण्यासारखे आहे. रोग्यांना पाणी द्यावयाचे ते फार सावकाश दिले जात होते. जे सलाईन शिरेतून चढविले जात होते ते कित्येकदा या रोगासाठी योग्य नव्हते. तोंडाने पाजण्याच्या साध्या पाण्याकडे पुरेसे लक्ष नव्हते. शिवाय टेट्रासायक्लिन हे नेहमीचे औषध या जंतूवर चालत नाही, हे कळेपर्यंत मोलाचे दिवस गेलेले होते. ढाक्याच्या पथकाने ज्या केंद्राचे काम हाती घेतले तेथे मृत्यू झपाट्याने कमी झाले. गंगेच्या मुखाशी राहणाऱ्यांना जे अंगवळणी पडलेले होते, ते पॅरिस आणि न्यूयॉर्कहून आलेल्यांना पुस्तकात शोधावे लागत होते. अर्थात सगळा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. लाखो माणसांना एकाच आठवड्यात लागण झाली, तेव्हा कितीही कुशल वैद्य असते तरी पहिले काही दिवस ते हतबलच झाले असते. केंद्रापर्यंत चालत येण्याचे त्राण नसल्यामुळे अनेक जण रस्त्याच्या कडेलाच गेले.

त्या दिवसांतील गोम्याच्या रस्त्याचे वर्णन पाहणाऱ्या सर्वांनी एकाच तऱ्हेने केले आहे. दोन्ही कडांना गवती चटयांत गुंडाळलेली प्रेते, एकामागून एक, मैलोगणती. नातेवाइकांना खड्डा खणता येत नव्हता, तेव्हा त्यांनी प्रेत चटईत बांधून रस्त्याच्या कडेला आणून ठेवावयाचे आणि मालमोटारीने ते उचलून न्यावयाचे, असा क्रम पडला. फ्रेंच सैनिकांनी यंत्रांच्या साह्याने मोठे चर काढले आणि त्यांत ती प्रेते ठेवली. कित्येक चटया इतक्या लहान होत्या की आत कोण असेल ते न उघडताच कळे. आईबाप मेल्यामुळे वा चुकामूक झाल्यामुळे एकटी पडलेली मुले हजारोंनी होती. नाव विचारले तर काही जणांना आपले नावही सांगता येत नव्हते.

पटकी ओसरू लागली न लागली तोच रक्ताची आव आली, आणि तिचा जंतूही नेहमीच्या औषधांना दाद देणारा नव्हता. पुढे मेंदूज्वराची साथ उठली. १४ जुलै ते १४ ऑगस्ट या एका महिन्यात जवळजवळ ५०,००० निर्वासित मरण पावले. हा आकडा अंदाजाचा नाही. वाहून नेलेल्या प्रेतांच्या मोजणीवरून तो काढलेला आहे. दर दहा हजारांमागे दररोज वीस ते पस्तीस माणसे मरत होती. दररोज एक माणूस मेला तरी वैद्यकात ती आणीबाणी मानतात. ऑगस्टच्या मध्यापर्यंत शुद्ध पाण्याचा पुरवठा वाढला, ज्यांना व्हावयाचा त्यांना रोग होऊन गेला, आणि साथ बसली.

येथवरची कथा दयेची आहे. यापुढची कथा तितकी सरळ नाही. साथ बसल्यावर छावण्यांत व्यवस्था लागली, आणि ही व्यवस्था लावणारे हात कोणाचे होते, तर ज्यांनी एप्रिलपासून कत्तल घडवून आणली होती त्यांचेच. रुआंडात ज्या तालुक्याचा जो कारभारी होता, तो छावणीतही आपल्या तालुक्याच्या लोकांचा कारभारी झाला. धान्य त्याच्या हाती उतरे, वाटप त्याच्या यादीप्रमाणे होई. यादीत नावे फुगविली जात आणि जादा धान्य बाजारात जाऊन त्याचा पैसा होई. पराभूत सैन्य गोम्याच्या आसपासच तळ ठोकून होते. ते कवायत करी आणि रात्री सरहद्द ओलांडून रुआंडात खून पाडून येई. परत जाऊ पाहणाऱ्या निर्वासिताला फितूर ठरवून मारले जाई. ज्याला जगाने आश्रय म्हटले, तो त्या साध्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने तुरुंगच होता.

निर्वासितांसाठी केलेले आंतरराष्ट्रीय कायदे याविषयी मुके आहेत, असे नव्हे. ज्याने मानवतेविरुद्ध गुन्हा केला त्याला निर्वासित म्हणून संरक्षण मिळू नये, असे १९५१ चा करार सांगतो. निर्वासितांना सरहद्दीपासून पुरेशा अंतरावर वसवावे, असे आफ्रिकी राष्ट्रांनी १९६९ मध्ये स्वतःच ठरविले होते. पण खुन्याला आणि त्याच्या शेजारी बसलेल्या विधवेला वेगळे करावयाचे कोणी? त्यासाठी शिपाई हवेत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त सादाको ओगाता यांनी शिपाई मागितले. एकाही समर्थ राष्ट्राने ते दिले नाहीत. शेवटी १९९५ मध्ये त्यांनी झाईरचे अध्यक्ष मोबुटू यांच्याच खास सैन्यातील सुमारे पंधराशे शिपाई आपल्या संस्थेच्या खर्चाने नेमले. त्यांनी चोऱ्यामाऱ्या थोड्या आवरल्या. छावणीचे खरे धनी मात्र तेच राहिले. १९९४ च्या नोव्हेंबरातच 'मेदसां सां फ्रांतिए' या वैद्यकीय संस्थेच्या फ्रेंच शाखेने काम थांबवून छावण्या सोडल्या होत्या. आमच्या औषधांवर खुनी पोसले जात आहेत, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आणि राहिलेल्या संस्था म्हणत, आम्ही गेलो तर मुले मरतील. तेही खोटे नव्हते. दोन खऱ्या गोष्टींपैकी एकीची निवड करण्याची पाळी डॉक्टरवर यावी, याचा अर्थ एवढाच की ज्यांचे ते काम होते त्यांनी आपले काम टाकलेले होते. प्रश्न राज्यकर्त्यांचा होता. उत्तर म्हणून पाठविण्यात आली ती तांदळाची आणि मक्याची पोती.

दोन वर्षे हे असे चालले. १९९६ च्या ऑक्टोबरात पूर्व झाईरमध्ये बंडाळी उठली. लोरां-देझिरे काबिला हे या बंडाचे पुढारी म्हणून पुढे आले आणि त्यांच्यामागे रुआंडाचे सैन्य उभे होते. मोबुटूंच्या राज्याला आतून कीड लागलेली होती. त्यांचे बिनपगारी सैनिक लढण्याऐवजी लुटालूट करून पळाले. एकामागून एक छावण्यांवर तोफा डागल्या गेल्या. किबुंबा उठली, कटाले उठली, आणि सगळी माणसे मुगुंगात येऊन कोंडली. सुरक्षा समितीने १५ नोव्हेंबर रोजी कॅनडाच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय सेना पाठविण्याचा ठराव केला. त्याच दिवशी मुगुंगाची कोंडी फुटली आणि लाखो माणसे ज्या रस्त्याने दोन वर्षांपूर्वी आली होती त्याच रस्त्याने गिसेन्यीकडे परत चालू लागली. चार-पाच दिवसांत पाच लाखांच्या आसपास लोक स्वदेशी पोहोचले. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला, प्रश्न संपल्याचे जाहीर झाले आणि ती सेना कधीच निघाली नाही.

पण प्रश्न संपला नव्हता. सगळे पूर्वेकडे गेले नव्हते. लाखोंच्या संख्येने उरलेले निर्वासित पश्चिमेकडे, काँगोच्या घनदाट अरण्यात शिरले. त्यांत जुने सैनिक होते, गुन्हेगार होते, आणि त्यांच्या दहापट निरपराध बायकामुले होती. मागे पाठलाग करणारी फौज, पुढे शेकडो किलोमीटर पावसाचे रान. रस्ते चिखलाचे, नद्यांवर पूल नाहीत, खायला मिळेल ते कंदमूळ आणि पाने. लुबुटूजवळ तिंगी-तिंगी नावाच्या जागी डिसेंबरापासून लाखाहून अधिक माणसे थांबली. रस्ता म्हणजे तेथील विमानाची धावपट्टी; विमान उतरावयाचे झाले की रस्त्यावरून माणसांना हटवीत. हिवताप, अतिसार, उपासमार आणि पुन्हा पटकी. १९९७ च्या फेब्रुवारीत ओगाताबाई स्वतः तेथे जाऊन आल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस फौज आली आणि तिंगी-तिंगी रिकामी झाली. जे चालू शकत नव्हते ते मागे राहिले. राहिलेल्यांचे काय झाले हे पुढील चौकशीत बाहेर आले.

किसांगानीच्या दक्षिणेस रेल्वेच्या फाट्यालगत कासेसे आणि बियारो येथे पुन्हा छावण्या पडल्या. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मदत-संस्थांना काही दिवस तेथे जाऊ दिले नाही. वाट मोकळी झाली तेव्हा कासेसेत हजारो माणसांपैकी कोणीही उरलेले नव्हते. रानातून हळूहळू बाहेर आलेल्यांना किसांगानीहून विमानांनी रुआंडात पोहोचविण्याचे काम सुरू झाले. ४ मे रोजी बियारोहून शहरात आणणाऱ्या आगगाडीच्या डब्यांत माणसे इतकी कोंबली गेली की गाडी पोहोचली तेव्हा आत ९१ जण गुदमरून आणि चिरडून मेलेले निघाले. सुटकेच्या गाडीतले हे मृत्यू! जे याहूनही पुढे गेले त्यांपैकी काही जण काँगो नदी गाठून पलीकडच्या देशात पोहोचले. मारी बेआत्रिस उमुतेसी या रुआंडी समाजशास्त्रज्ञ बाई याच वाटेने सुमारे दोन हजार किलोमीटर चालून वाचल्या आणि २००० साली त्यांनी फ्रेंच भाषेत आपली हकीकत प्रसिद्ध केली. पराभूतांच्या बाजूच्या एका निरपराध स्त्रीचे म्हणणे जगाला त्यातून प्रथमच सविस्तर वाचावयास मिळाले. १७ मे १९९७ रोजी काबिलांच्या फौजा किन्शासात शिरल्या. मोबुटू परागंदा झाले आणि सप्टेंबरात मोरोक्कोत वारले.

या अरण्यात किती माणसे मेली, याचा हिशेब लागलेला नाही. २०१० च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने १९९३ ते २००३ या काळातील अत्याचारांची तपासणी करणारा जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ६१७ गंभीर घटनांची नोंद आहे, आणि छावण्यांवरील व रानातील हत्यांचाही तीत समावेश आहे. रुआंडाने तो अहवाल फेटाळून लावला. त्यातील घटनांसाठी कोणतेही आंतरराष्ट्रीय न्यायालय बसविण्यात आलेले नाही. १९९४ च्या कत्तलीसाठी मात्र आरुशा येथे न्यायालय बसले आणि त्याने पुष्कळांना शिक्षाही दिल्या. एका दुःखाला न्यायालय मिळाले, दुसऱ्याला अहवाल.

काबिलांचे आणि त्यांच्या पाठीराख्यांचे लवकरच बिनसले. १९९८ च्या ऑगस्टात दुसरे युद्ध पेटले, त्यात शेजारची अर्धा डझन राष्ट्रे उतरली, आणि २००३ मध्ये ते कागदोपत्री संपले. एका अमेरिकन मदत-संस्थेने घरोघर पाहणी करून असे अनुमान काढले की १९९८ ते २००७ या काळात युद्ध नसते तर जी माणसे जगली असती अशी ५४ लाख माणसे मेली. या आकड्यावर इतर अभ्यासकांनी सबळ आक्षेप घेतले आहेत आणि तो बराच खाली आणावा लागेल, असे दिसते. पण पाहणीतील दुसरी गोष्ट कोणी खोडून काढलेली नाही: गोळीने वा सुऱ्याने मेलेले त्यात दहात एकही नव्हते. बाकीचे हिवतापाने, अतिसाराने, फुप्फुसाच्या दाहाने आणि उपासमारीने मेले. पाच वर्षांखालील मुले त्यात फार. युद्धात दवाखाना बंद पडतो, रस्ता बंद पडतो, पेरणी होत नाही, आणि मग जो ताप एका गोळीने उतरला असता तो मूल घेऊन जातो.

गोम्यातील १९९४ च्या अनुभवाचा एक ठळक परिणाम मात्र झाला. रुआंडातील मदतकार्याची जी मोठी संयुक्त चिकित्सा १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली तिच्यामागोमाग मदत-संस्थांनी १९९७ पासून आपल्यासाठी किमान नियम लिहून काढण्यास सुरुवात केली. माणशी पाणी किती, किती माणसांमागे एक शौचकूप, झोपण्यास जागा किती, हे आज जगातील कोणत्याही छावणीत ज्या पुस्तिकेवरून ठरवितात, ती याच प्रयत्नातून निघाली. माणशी पंधरा लिटर पाणी हे तिच्यातील कलम वाचताना किबुंबा आठवते.

गोमा तेव्हापासून शांत झालेले नाही. १७ जानेवारी २००२ रोजी न्यीरागोंगो फुटला आणि लाव्हा शहराच्या मधोमध वाहत सरोवरात उतरला. लोक पळाले ते गिसेन्यीकडे, म्हणजे १९९४ च्या उलट दिशेने. त्याच लाव्ह्यावर त्यांनी पुन्हा घरे बांधली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारताच्या तुकड्या उत्तर किवूत वर्षानुवर्षे राहिल्या आणि भारतीय लष्कराचे एक इस्पितळही गोम्यात होते. २०१२ मध्ये एम-२३ या बंडखोर संघटनेने काही दिवस शहर घेतले. २०२२ पासून तिचे युद्ध पुन्हा भडकले तेव्हा आसपासच्या डोंगरांतून लाखो लोक गोम्याच्या वेशीवर येऊन राहिले. हे परदेशचे निर्वासित नव्हते, स्वतःच्याच देशात बेघर झालेले काँगोवासी होते. पण छावण्या पडल्या त्या मुगुंगाच्या आणि किबुंबाच्या त्याच रस्त्यांवर, त्याच काळ्या खडकावर. कान्यारुचिन्या येथील छावणीत २०२२ च्या डिसेंबरात पटकीची साथ उठली. २०२५ च्या जानेवारीअखेर एम-२३ ने गोमा पुन्हा घेतले, आणि फेब्रुवारीत छावण्यांतील लोकांना तीन दिवसांत आपापल्या गावी परतण्यास सांगण्यात आले. काठ्या आणि ताडपत्री डोक्यावर घेऊन ते पुन्हा रस्त्याला लागले. त्यांतील कित्येकांच्या गावी घर उरलेले नव्हते.